जुनी स्नोकॅट थेट मालकाकडून घेताना: मशीन खालून वर पाहा

स्नोकॅट म्हणजे चाकांच्या जागी रुंद ट्रॅक आणि वर बंद केबिन असलेलं, खोल बर्फावरून माणसं आणि सामान नेणारं वाहन. अमेरिका आणि कॅनडात १९४० ते १९७० च्या दशकांत बनलेल्या या गाड्या टेलिफोन कंपन्यांनी, वीज कंपन्यांनी, वनखात्याने, हवाई दलाने आणि स्की रिसॉर्टनी वापरल्या. काम संपलं की त्या लिलावात गेल्या, तिथून कुणाच्या तरी शेडमध्ये किंवा शेताच्या कडेला, आणि आता हात बदलत बदलत हौशी लोकांकडे येतात. त्यांच्यासाठी मोटारींसारखं भावाचं पुस्तक नाही आणि चौकाचौकात डीलरही नाहीत. व्यवहार जवळजवळ नेहमी एका मालकाचा दुसऱ्या मालकाशी होतो, आणि 'आहे तशी, आहे तिथे' या बोलीवर होतो. पैसे दिल्यावर तक्रार न्यायला जागा नसते.

बहुतेक जण पाहायला गेले की आधी बॉनेट उघडायला लावतात. इंजिन एका दमात सुरू झालं की सौदा अर्धा ठरल्यासारखा वाटतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. या गाड्यांत बसवलेली इंजिनं फोर्ड, क्रायस्लर, फोक्सवॅगनची, म्हणजे ट्रक-मोटारींत लाखांनी बसलेली. ती दुरुस्त होतात, बदलता येतात, सुटे भागही मिळतात. ट्रॅक, त्यांखालची चाकं आणि डिफरन्शियल (इंजिनाचा जोर दोन्ही बाजूंना वाटणारी दात्यांची यंत्रणा) यांचं तसं नाही. तुम्ही पैसे मोजता ते खरं तर या तीन गोष्टींचे. म्हणून तपासणी जमिनीपासून सुरू करायची आणि इंजिनापर्यंत शेवटी पोचायचं.

कोणती घ्यायची, आणि चालवणार कुठे

सर्वांत ओळखीचं नाव टकर. ओरेगनमधल्या मेडफर्डची ही कंपनी अजून चालू आहे. 'स्नो-कॅट' हा मुळात तिचाच ट्रेडमार्क, लोकांनी तो सरसकट सगळ्यांना लावला. जुन्या टकरला चार स्वतंत्र ट्रॅक असतात, प्रत्येक ट्रॅक होडीच्या आकाराच्या पोलादी पाँटूनभोवती फिरतो, आणि वळताना पुढचा-मागचा आख्खा अ‍ॅक्सल वळतो. ब्रिटिश संशोधक व्हिव्हियन फुक्स यांच्या मोहिमेने १९५७-५८ मध्ये अंटार्क्टिका ९९ दिवसांत आरपार ओलांडला, तेव्हा सोबतच्या वीझल आणि मस्केग गाड्या वाटेत सोडून द्याव्या लागल्या, पण चारही टकर शेवटपर्यंत पोचल्या. टकरचा भाव आजही चढा असतो त्यात या कीर्तीचा वाटा आहे. चार ट्रॅकमुळे वळताना दोन्ही बाजूंचा जोर टिकतो, हे खरंच. पण झिजायला चार ट्रॅक, दोन डिफरन्शियल आणि वळवण्याची वेगळी यंत्रणा, हेही त्याच गाडीसोबत येतं.

दुसरं मोठं घराणं थायोकोलचं, युटामधलं. रॉकेटची घन इंधनाची मोटर बनवणारी हीच कंपनी. तिची इम्प छोटी, दोन-चार माणसांची. स्प्राइट मोठी, मागे केबिन किंवा सपाट डेक घेणारी. दोन ट्रॅक, वळवायला दोन लिव्हर, साधी रचना. १९७८ मध्ये हा विभाग मोटार उद्योजक जॉन डेलोरियन यांनी घेतला, पुढे तो एलएमसी नावाची कंपनी झाला आणि २००० मध्ये बंद पडला. म्हणजे पाठीशी कारखाना नाही, पण गाड्या इतक्या बनल्या की सुटे भाग राखणारे छोटे व्यावसायिक आणि जाणकार मालक सापडतात. पहिल्यांदाच घेणाऱ्याने थायोकोलपासून सुरुवात करावी असं मी सांगेन.

क्वीबेकच्या बॉम्बार्डियरचा मस्केग ट्रॅक्टर १९५३ पासूनचा. तो दलदलीतही चालतो, दणकट आहे, पण केबिनमधल्या आरामाच्या अपेक्षा ठेवू नयेत. दुसऱ्या महायुद्धातली स्टुडबेकरची एम२९ वीझल इतिहासासाठी घ्यावी. तिचे ट्रॅक रबरी पट्ट्यांचे, आत पोलादी तारा, आणि ऐंशी वर्षांत त्या तारांचं काय झालं असेल हे वरून दिसत नाही. स्वीडनची स्नो ट्रॅक लहान, हलकी, फोक्सवॅगनचं हवेने थंड होणारं इंजिन आणि लिव्हरऐवजी चक्क स्टीअरिंग व्हील. ते व्हील पट्ट्याच्या व्हेरिएटरमार्फत दोन्ही ट्रॅकचा वेग कमी-जास्त करतं. म्हणजे तिथे तपासायची नाजूक जागा ती.

नाव ठरवण्याआधी एक प्रश्न सोडवा: ही चालवणार कुठे? अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत बर्फावरच्या वाहनांसाठी २०१५ चा नियम आहे. कुठल्या भागात, कुठल्या मार्गावर, कोणत्या काळात वाहन नेता येईल याचे नकाशे त्या त्या वनाकडून निघतात. स्नोमोबिलसाठी (एक-दोन माणसांची छोटी बर्फगाडी) तयार केलेल्या वाटांवर रुंद गाडी चालेलच असं नाही. जवळच्या रेंजर कार्यालयात फोन करून नेमकं विचारा, 'माझ्या गाडीची रुंदी इतकी, वजन इतकं, चालेल का?' स्वतःच्या केबिनपर्यंत जाण्यासाठी घेत असाल तर वाटेतली जमीन कुणाची हेही पाहा. आणि घरी ठेवायला छत आहे का? या गाड्यांचा खरा शत्रू बर्फ नव्हे. उन्हाळ्याचं ऊन रबर खातं आणि पाऊस केबिन खातो.

फोनवरच अर्धं काम होतं

जाहिरातीतला मजकूर बाजूला ठेवा. फोन करा आणि बोलू द्या. गाडी तुमच्याकडे किती वर्षं आहे, शेवटची बर्फावर कधी नेली, छताखाली असते की उघड्यावर, ट्रॅकचे पट्टे कधी बदलले, डिफरन्शियल कधी उघडलं होतं का, सिरीयल नंबर काय, कागद कोणते आहेत, का विकताय. एवढ्या प्रश्नांत माणूस आणि गाडी दोन्ही कळू लागतात. पट्टे कधी बदलले याचं उत्तर 'चांगले आहेत' असं आलं, तर ते उत्तर नाही. पुन्हा विचारा.

'उभी केली तेव्हा चालू होती' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. ते बहुधा खरंही असतं. प्रश्न इतकाच की उभी का केली आणि त्याला किती हिवाळे झाले.

मग फोटो मागवा, पण तुम्हाला हवे ते: प्रत्येक ट्रॅकचा आतल्या बाजूने, स्प्रॉकेटचे (ट्रॅक फिरवणारं दातेरी चाक) दात जवळून, गाडीखाली फोन सरकवून काढलेले पोटाचे, सिरीयल नंबरच्या प्लेटचा, आणि एक फोटो ज्यात गाडीजवळ आजची तारीख लिहिलेला कागद दिसतो. हा शेवटचा फोटो फसवणूक ओळखायला पुरतो. इतरांच्या जाहिरातीतले फोटो उचलून, भाव मुद्दाम कमी ठेवून 'आणखी दोघं मागे लागलेत, आगाऊ रक्कम पाठवा' म्हणणारे भेटतात. असा माणूस तारखेचा कागद लावू शकत नाही. लांबचं राज्य असेल तर तिथल्या एखाद्या जाणकाराला पैसे देऊन बघायला पाठवा, पण न पाहता आगाऊ रक्कम देऊ नका. पाण्यातल्या म्हशीचं मोल करायचं नसतं.

निघण्याआधी विक्रेत्याला सांगून ठेवा: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका.

सोबत काय न्यायचं

दणकट जॅक आणि लाकडी ठोकळे, लांब पहार, हातबत्ती, चुंबक, तारेचा ब्रश, कॉम्प्रेशन गेज, मल्टिमीटर, मोजपट्टी, जुने कपडे. चार्ज केलेली बॅटरी आणि कॅनमध्ये ताजं पेट्रोलही न्या, कारण 'बॅटरी उतरली आहे, नाहीतर दाखवली असती' हे कारण तिथल्या तिथे संपवता येतं. जुन्या मॉडेलमध्ये सहा व्होल्टची यंत्रणा असू शकते, ते आधी विचारून घ्या.

ट्रॅक: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

थायोकोलसारख्या गाडीत एक ट्रॅक म्हणजे काही रबरी पट्टे शेजारी शेजारी आणि त्यांना आडवे जोडणारे पोलादी ग्राउझर. प्रत्येक ग्राउझर नट-बोल्टनी आणि मागच्या पट्टीने पट्ट्यांवर आवळलेला. एका गाडीवर असे शेकडो बोल्ट असतात, बरेचसे गंजून बसलेले. पट्टे बदलायचे म्हणजे ते सगळे कापायचे, नवी भोकं अचूक पाडायची आणि सगळं परत जोडायचं. साहित्याचा खर्च वेगळा, आणि एकट्याने केलं तर बरेच शनिवार-रविवार त्यात जातात. म्हणून पट्ट्यांची स्थिती ही गाडीच्या किमतीतली सर्वांत मोठी रक्कम आहे असं समजून पाहा.

वरवरच्या बारीक भेगा जुन्या रबराला असतातच, त्याने घाबरू नका. पट्टा स्प्रॉकेटवरून वळतो त्या जागी भेग उघडून आतला धागा दिसतो का ते पाहा. कडा फाटून झालर झाली आहे का? बोल्टची भोकं गोल आहेत की ओढून लांबट झाली आहेत? लांबट भोकं म्हणजे ग्राउझर हलतोय आणि पट्टा आतून सुटतोय. पट्ट्याची दोन टोकं जिथे जोडली आहेत ती जागा प्रत्येक पट्ट्यावर शोधा, कारण तुटायला सुरुवात तिथूनच होते. काही मालक कन्व्हेयरच्या पट्ट्यापासून नवे पट्टे कापून बसवतात. यात गैर काही नाही, योग्य जाडीचा आणि पुरेशा थरांचा पट्टा असेल तर तो मूळ पट्ट्याइतका टिकतो. मात्र कोणता पट्टा वापरला, हे विक्रेत्याला सांगता आलं पाहिजे.

ग्राउझर मोजत मोजत पूर्ण फेरी मारा. वाकलेले किती, वेल्डिंग केलेले किती, गायब किती? एखाददुसरा वाकलेला सरळ करता येतो. एका ओळीत चार-पाच वाकलेले असतील तर गाडी कधीतरी खडकावर किंवा ओंडक्यावर आपटली आहे, त्या बाजूच्या अ‍ॅक्सलकडे जरा जास्त पाहा. ग्राउझरचे तळ गुळगुळीत घासलेले असतील तर ती बर्फाविना, खडीच्या रस्त्यावर बरीच फिरली आहे.

आता चाकं. ती ग्राउझरवरच्या गाईडच्या, म्हणजे चाकांना वाटेवर ठेवणाऱ्या उंचवट्यांच्या, मधून धावतात. टायरच्या बाजू खरवडल्या, कुरतडल्यासारख्या दिसल्या तर ट्रॅक सरळ चालत नाही: एक तर अ‍ॅक्सल वाकलाय, किंवा ताण दोन्ही बाजूंना सारखा नाही. प्रत्येक चाक उचलून हाताने फिरवा, हलवा. बेअरिंगची खरखर आणि ढिलाई लगेच कळते. बेअरिंग आणि सील स्वस्त आहेत, त्यांची फार काळजी नको. टायरची मापं मात्र लिहून घ्या, काही आता सहज मिळत नाहीत. आत फोम भरलेले टायर असतील तर पंक्चरचं भय गेलं, पण रबर गेलं की ते टायर आख्खेच फेकावे लागतात.

स्प्रॉकेटचे दात दोन्ही बाजूंनी पाहा. एकाच दिशेने कलून आकड्यासारखे झाले असतील तर ते संपले. ताण देणारा स्क्रू किंवा सळई किती बाहेर आली आहे तेही पाहा. पूर्ण बाहेर असेल तर पट्टे ताणले गेलेत आणि पुढे ओढायला जागा उरलेली नाही.

टकरच्या पोलादी पाँटूनवर हा हिशेब बदलतो. तिथे ट्रॅक ज्या कडांवरून सरकत फिरतो त्या कडा किती झिजल्या, कुठे पातळ होऊन धार आली, हे हाताने चाचपून पाहावं लागतं. पाँटूनच्या आत पाणी साचून गंजलेलं तळ हातोडीने हलकं ठोकल्यावर आवाजातून कळतं. ट्रॅकच्या कड्या आणि पिना ढिल्या असतील तर चालताना ट्रॅक लाटेसारखा उचलतो. चारही बाजू पाहा. तीन उत्तम आणि एक संपलेला, अशीही गाडी असते, आणि विक्रेता तुम्हाला नेमका उरलेल्या तीन बाजूंनी फिरवून आणतो.

डिफरन्शियल आणि लिव्हर

दोन ट्रॅकच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत नियंत्रित डिफरन्शियल असतं. डावी लिव्हर ओढली की आतला ब्रेकचा पट्टा आवळला जातो, डावा ट्रॅक मंदावतो आणि उजवा त्याच प्रमाणात वेग घेतो. दोन्ही ओढल्या की गाडी थांबते, म्हणजे बऱ्याच मॉडेलमध्ये स्टीअरिंग आणि ब्रेक हे एकच यंत्र आहे. थायोकोलच्या इम्पमध्ये हे डिफरन्शियल ऑलिव्हरच्या ओसी-४ क्रॉलर ट्रॅक्टरचं आहे. तो ट्रॅक्टर बनणं केव्हाच थांबलं, त्यामुळे आतले दाते फुटले तर दुसरं जुनं डिफरन्शियल शोधत हिंडणं आलं.

तपासायचं असं. प्लग थोडा सैल करून तळाचं तेल बाटलीत घ्या. दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे. चुंबक फिरवा. राखाडी बारीक गाळ चालतो, चमकणारे कण चिंताजनक, आणि नखाएवढा तुकडा हाती लागला तर डिफरन्शियल गेलं असं धरूनच भाव बोला. मग गाडी दोन्ही बाजूंनी ठोकळ्यांवर उचला, इंजिन बंद, गिअरमध्ये. एक ट्रॅक हाताने पुढे ढकलला की दुसरा मागे जायला हवा. उलट दिशा पकडेपर्यंत किती मोकळं फिरतं आणि कट्ट आवाज येतो का, ते पाहा. सगळ्या जुन्या गाड्यांत थोडी मोकळीक असते, दोन्ही दिशांना सारखी असावी एवढंच.

लिव्हर शेवटपर्यंत, पार छातीपर्यंत ओढावी लागत असेल तर ब्रेकचे पट्टे झिजलेत किंवा नुसतं अ‍ॅडजस्टमेंट हवं आहे. विक्रेता यातलं दुसरं कारण सांगेल. अ‍ॅडजस्ट करायचा बोल्ट अजून किती फिरू शकतो हे पाहिलं की खरं कळतं. जागा उरली नसेल तर पट्टे संपले. ही चाचणी दहा मिनिटांची आहे आणि फार थोडे लोक ती करतात.

फ्रेम आणि केबिन

तारेचा ब्रश घेऊन खाली शिरा. अ‍ॅक्सल जिथे फ्रेमला भेटतो, स्प्रिंग जिथे टांगलेली असते, त्या कोपऱ्यांतली माती खरवडा. तडा मातीखाली दडलेला असतो. पुढे बर्फ लोटायचं पातं बसवलेलं होतं का ते विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी त्याच्या खुणा शोधा. पात्याच्या कामाने फ्रेम माणसं वाहण्यापेक्षा कितीतरी जास्त ताणली जाते. जुनं वेल्डिंग नीट केलेलं असेल तर ते दोष नव्हे. त्यावर ताजा रंग मारलेला असेल तर मात्र दोन प्रश्न विचारावेत.

केबिनचा पत्रा सोपा आहे. फरशी गंजली तर नवी घालता येते. बहुतेक काचा सपाट असतात, कापून मिळतात. दाराचे कब्जे, हँडल, डॅशबोर्डवरचे मूळ मीटर यांना मात्र पर्याय नाही. म्हणून माझा सल्ला: रंग उडालेली पण सगळे भाग जागेवर असलेली गाडी, चकचकीत पण अर्धवट गाडीपेक्षा नेहमी बरी. छतावरची झडप उघडते का पाहा. ती हौसेची नाही. गाडी बर्फाखालच्या पाण्यात किंवा कुशीवर गेली तर बाहेर पडायला तीच वाट असते.

आणि एक्झॉस्ट. अनेक मॉडेलमध्ये इंजिन केबिनच्या आतच, पातळ झाकणाखाली असतं. मॅनिफोल्डचा गॅस्केट गळत असेल किंवा पाइपला भोक असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट तुमच्या नाकाशी. थंडीत खिडक्या बंद असतात आणि या वायूला वास नाही. जोडांवर काजळीचे काळे फराटे दिसतात का बघा. गाडी घेतली तर बॅटरीवर चालणारा डिटेक्टर पहिल्या दिवशी बसवायचा, त्यात तडजोड नाही.

आता इंजिन

हाताने स्पर्श करून ते थंड आहे याची खात्री करा. कोमट असेल तर तुमच्या येण्याआधी कुणीतरी ते मनवलं आहे, आणि थंडीत सुरू होणं हीच तर या गाडीची परीक्षा. तेलाची काडी काढा. कॉफीसारखं फेसाळ तेल दिसलं तर ब्लॉक तडकलेला असू शकतो. हिवाळ्यात अँटीफ्रीझ न घालता उभ्या केलेल्या गाडीचं ते नेहमीचं मरण. पेट्रोलच्या टाकीचा वास घ्या, जुनं पेट्रोल वार्निशसारखा वास देतं आणि कार्ब्युरेटर साफ करावा लागणार हे सांगतं. वायरिंगमध्ये उंदरांची घरटी जवळजवळ ठरलेली.

सुरू झालं की पूर्ण गरम होईपर्यंत चालू ठेवा, तेलाचा दाब पाहा, मग कॉम्प्रेशन घ्या. सुरूच झालं नाही तरी मी पाठ फिरवणार नाही, फक्त इंजिन हाताने फिरतं का ते पाहीन. जाम झालेलं इंजिन म्हणजे भाव कमी करण्याचं उत्तम कारण आहे, बाकी सगळं चांगलं असेल तर. एक अपवाद: स्नो ट्रॅकसारख्या गाडीत कुणी भलतंच मोठं इंजिन कोंबलं असेल तर व्हेरिएटर आणि पुढच्या सगळ्या साखळीवर त्याचा काय परिणाम झाला असेल याचा विचार करा. मूळ इंजिन काढलेलं दिसलं की मी थोडा सावध होतो.

चालवून पाहणं

उत्तम म्हणजे बर्फ. नसेल तर गवत किंवा मऊ माती. डांबर आणि काँक्रीट नको. तिथे ग्राउझर, गाईड आणि डिफरन्शियल तिन्हींवर विनाकारण ताण येतो, आणि जाणता विक्रेता तुम्हाला तसं करूही देणार नाही. आधी त्याला चालवू द्या, तुम्ही बाहेरून बघा. ट्रॅक चाकांवरून एका कडेला सरकतो का, वळताना गाईडवर चढतो का, ठरावीक अंतराने टक् टक् येतं का? मग तुम्ही बसा. सर्व गिअर, मागे जाण्याचाही, डावीकडे आणि उजवीकडे सारखाच वळणारा घेर, उतारावर दोन्ही लिव्हर ओढून थांबणं. नियंत्रित डिफरन्शियलची गाडी जागच्या जागी फिरत नाही, तो दोष नव्हे. सरळ जाताना एका बाजूला ओढत असेल तर तिथला ब्रेकचा पट्टा घासतोय किंवा ट्रॅकचे ताण वेगळे आहेत.

पंधरा-वीस मिनिटांनी थांबा आणि हात लावून फिरा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर त्याचं बेअरिंग गेलं. डिफरन्शियलखाली नवा ओघळ आलाय का ते पाहा.

भावाची बोलणी

भाव काही हजार डॉलरपासून कित्येक दहा हजारांपर्यंत असतात. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही प्रचंड फरक असू शकतो. म्हणून 'बाजारभाव' शोधण्यापेक्षा उलटा हिशेब करा: चांगल्या स्थितीतली अशी गाडी किती देऊन घेतली असती, त्यातून पट्टे, टायर, ब्रेकचे पट्टे आणि वाहतूक वजा. हा कागद विक्रेत्यासमोर ठेवायला हरकत नाही. ज्याने दहा वर्षं ती सांभाळली त्याला नावं ठेवून भाव उतरत नाही, पण आकडे दाखवल्यावर बहुतेक लोक ऐकतात.

पहिला बर्फ पडला की मागणी चढते. वसंतात, बर्फ वितळताना आणि शेडमध्ये जागा हवी असताना विक्रेते नरमतात. त्या दिवसांत डोंगरात थोडा बर्फ शिल्लकही असतो, चालवून पाहता येतं. मला हाच काळ सर्वांत सोयीचा वाटतो.

सुट्या भागांचा ढीग वेगळा मोजा. जुने ग्राउझर, जादा स्प्रॉकेट, मूळ पुस्तिका, कारखान्याची पार्ट्सची यादी हे सगळं व्यवहारात मागा आणि त्याच दिवशी उचला. 'नंतर पाठवतो' म्हटलेलं खोकं सहसा येत नाही.

कागद आणि पैसे

अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं. कुठे अशा वाहनाला टायटल (मालकीचा सरकारी दाखला) मिळत नाही, कुठे स्नोमोबिलसारखी नोंदणी लागते. विक्रेत्याच्या राज्यात काय लागत होतं आणि तुमच्या राज्यात काय लागेल, दोन्ही आधी विचारा. टायटल असेल तर नाव विक्रेत्याच्या ओळखपत्राशी जुळलं पाहिजे. नसेल तर बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीचा लेखी कागद, नीट लिहा: दोघांची नावं-पत्ते, तारीख, रक्कम, कंपनी, मॉडेल, वर्ष, सिरीयल नंबर, आणि गाडीवर कुठलंही कर्ज नाही व विकण्याचा हक्क आपला आहे असं विक्रेत्याचं विधान. नोटरीसमोर सही घेतली तर पुढे नोंदणीला त्रास कमी. सिरीयल नंबर प्लेटवरून स्वतः वाचा, जाहिरातीतून उतरवू नका. प्लेटचे रिव्हेट नवे दिसत असतील तर का, ते विचारा.

गाडी एखाद्या कंपनीची किंवा रिसॉर्टची असेल तर तिच्यावर बँकेचा बोजा असू शकतो. तो राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या यूसीसी (तारणावरच्या कर्जांच्या) नोंदींत विक्रेत्याच्या नावाने शोधता येतो. केंद्र सरकारच्या मालकीतून लिलावात निघालेल्या गाडीसोबत एसएफ-९७ हा फॉर्म मिळालेला असू शकतो. पहिल्या खरेदीदाराने तो जपला असेल तर मूळ प्रत मागून घ्या. टायटल काढताना तो कामी येतो.

पैसे विक्रेत्याच्या बँकेत, काउंटरसमोर द्यावेत. कॅशियर्स चेक (बँकेने स्वतः काढलेला) खरा की खोटा ही विक्रेत्याची शंका तिथेच मिटते आणि रोकड बाळगण्याची तुमची जोखीम जाते. गाडी नंतर न्यायची असेल तर छोटी रक्कम देऊन लेखी पावती घ्या, आणि नेण्याची तारीख त्यात असू द्या.

घरी आणणं

कागदावरचं वजन आणि प्रत्यक्ष वजन यांत केबिन, पातं, विंच यांनी फरक पडतो. जवळ वजनकाटा असेल तर वापरा. गाडी सहा हजार पौंडांची असेल तर ट्रेलर धरून नऊ हजारांच्या आसपास ओढावे लागतात. 'अर्ध्या टनाच्या' म्हणवल्या जाणाऱ्या हलक्या वर्गातल्या पिकअपने हे धाडस करू नये. रुंदी बाहेरच्या ट्रॅकच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा. आठ फूट सहा इंचांच्या वर गेली की जादा रुंदीचा परवाना लागतो, आणि जायच्या वाटेवरच्या प्रत्येक राज्याचा वेगळा. ट्रेलरच्या मडगार्डच्या मधली जागाही मोजा. गाडी दारात आणि ट्रेलर चार इंच अरुंद, अशी फजिती अनेकांची होते.

पोलादी रॅम्पवर पोलादी ग्राउझर घसरतात. रॅम्पवर जाड फळ्या टाका, ट्रेलर सपाट जागी लावा आणि त्याच्या मागच्या टोकाखाली ठोकळे द्या, नाहीतर गाडी चढताना ट्रकची मागची बाजू उचलली जाते. ट्रॅकची गाडी रॅम्पच्या माथ्यावर पोचली की क्षणभर तोलून राहते आणि मग धाडकन पुढे आदळते. तिथे अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, लिव्हरला हात लावायचा नाही. चालत नसेल तर विंचने हळू ओढा, आणि केबलच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका.

साखळ्या फ्रेमला चार कोपऱ्यांत बांधा, ट्रॅकला नाही. दारं, छताची झडप आणि इंजिनाचं झाकण पट्ट्याने आवळा. महामार्गावरचा वारा जुने कब्जे सहज उपटतो. प्लेक्सिग्लासच्या सैल खिडक्या काढून ट्रकमध्ये ठेवा. दहा-पंधरा मैलांवर थांबून साखळ्या पुन्हा ताणा, त्या सैल झालेल्या असतातच, कारण तोवर गाडी आपल्या टायरांवर बसलेली असते. ट्रेलरच्या हबलाही हात लावून बघा.

घरी उतरवल्यावर लगेच फिरवायचा मोह आवरा. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल यांची तेलं, अँटीफ्रीझ, पेट्रोलच्या नळ्या आणि पंख्याचा पट्टा बदला, प्रत्येक चाकाचं ग्रीस नवं करा, ग्राउझरचे सगळे बोल्ट एकदा आवळा. पहिली फेरी रस्ता दिसत राहील इतक्याच अंतरावर काढा. सोबत दुसरं वाहन असू द्या, आणि गाडीत हिमबूट, फावडं, दोन-चार जादा ग्राउझर बोल्ट आणि पाना ठेवा.